आमची वायनरी आणि द्राक्षबाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर–सांगली रस्त्यावरून आत वळून बाग पाहायला येणारे पाहुणे, शेजारचे शेतकरी, फोनवरून चौकशी करणारे ग्राहक आणि लग्नकार्यात गाठ पडणारे नातेवाईक आम्हाला गेली अनेक वर्षे जवळपास तेच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न एका वाक्यात सुटणारे नाहीत. काही मात्र दोन ओळींत संपतात.

कोल्हापूर जिल्ह्यात वाइनची द्राक्षे येतात का? इकडे तर ऊस आणि पाऊस.

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जो पाऊस उभा राहतो तो गगनबावडा, राधानगरी आणि आजऱ्याकडचा असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथे द्राक्षाचा विचारही करू नये. पण तेथून पूर्वेला शंभरेक किलोमीटर आले की शिरोळ तालुक्यात तोच पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरांवर येतो. आमची सहा एकर बाग हातकणंगले आणि शिरोळ या दोन तालुक्यांच्या सीमेवरील माळावर आहे. वर वीतभर माती आणि खाली मुरूम, अशी ही जमीन उसासाठी कधीच कोणी चांगली मानली नाही. द्राक्षवेलीला मात्र पाय ओले ठेवलेले आवडत नाहीत, त्यामुळे गावाने नाकारलेला माळच आमच्या उपयोगी पडला.

अडचण आहे ती उन्हाची. वाइनच्या जुन्या परंपरा असलेले बहुतेक प्रदेश ३० ते ५० अंश अक्षांशांच्या दरम्यान आहेत, आपण १६.७ अंशांवर आहोत. नाशिककडे डिसेंबर–जानेवारीच्या रात्री जेवढ्या गार होतात तेवढ्या इकडे होत नाहीत, आणि रात्र गार नसली की द्राक्षातील आम्लता लवकर उतरते. म्हणून आमची तोडणी लवकर होते आणि आमची वाइन नाशिकच्या वाइनसारखी लागत नाही. ती तशी लागावी असा आमचा प्रयत्नही नाही.

घरात उसाची परंपरा असताना वाइनकडे कसे वळलात?

खरे सांगायचे तर ठरवून वळलो नाही. आजोबांचे गुऱ्हाळ होते, वडिलांनी ऊस कारखान्याला घालायला सुरुवात केली आणि माळावरच्या रिकाम्या जमिनीत त्यांनी हौसेने खाण्याच्या द्राक्षांची बाग लावली. तासगाव, पलूस, मिरज हा द्राक्षाचा मुलूख आमच्यापासून फार दूर नाही, त्यामुळे कलमे बांधणारे कारागीर, औषधे, सल्ला आणि पाहुणेरावळे हे सगळे हाताशी होते. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर नाशिकप्रमाणेच सांगली भागातही वाइनच्या द्राक्षांची लागण वाढली आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले. त्या लाटेत एका कंपनीशी खरेदीचा करार करून वडिलांनी खाण्याची निम्मी बाग काढली व तिथे वाइनच्या जाती लावल्या.

पुढे २००८ च्या जागतिक मंदीनंतर वाइनची मागणी कोसळली. कंपनीने पहिल्या वर्षी पैसे थकवले आणि दुसऱ्या वर्षी माल उचललाच नाही. वाइनचे द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही, हे तेव्हा आम्हाला नीट कळले. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, प्रत्येक मण्यात दोन-तीन बिया. वडिलांनी चार क्रेट जयसिंगपूरच्या आठवडी बाजारात नेले होते, एका आजीबाईंनी एक मणी चाखला, बी थुंकली आणि "दादा, ही काय रानातली आणलीस का?" असे विचारून पुढे गेल्या. त्या हंगामाचा बहुतेक माल झाडावरच वाळला. आजूबाजूच्या अनेकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. आमच्या घरात त्यावरून बरेच दिवस वाद झाले आणि अखेर स्वतःच वाइन करायची असे ठरले. परवाने, कर्ज आणि पहिल्या टाक्या यांत त्यानंतरची काही वर्षे गेली.

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांत नेमका काय फरक आहे?

जात वेगळी, बागेची मांडणी वेगळी आणि शेतकऱ्याचा हिशेबही उलटा. थॉम्पसन सीडलेस किंवा तिच्यातून तासगाव तालुक्यातील बोरगावात निवडलेली तास-ए-गणेश या जातींत मणी मोठा, लांब आणि एकसारखा व्हावा म्हणून शेतकरी जीए (जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संजीवक) देतो, विरळणी करतो, घड कागदात गुंडाळतो. आम्हाला मणी लहान हवा असतो, कारण रंग, वास आणि तुरटपणा हे बहुतांशी सालीत असतात आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. जीए आम्ही वापरत नाही.

खाण्याची द्राक्षे मांडवावर किंवा वाय आकाराच्या सांगाड्यावर घेतात. आमच्या वेली उभ्या तारांवर चढवलेल्या आहेत, म्हणजे कुंपणासारख्या सरळ ओळी दिसतात. आठ बाय चार फुटांवर लागण असल्याने एकरी १३६० च्या आसपास वेली बसतात. खाण्याच्या बागेत एकरी दहा-बारा टन माल निघाला तर शेतकरी समाधानी असतो. आम्ही एकरी साडेचार टनांच्या वर माल ठेवत नाही, जास्तीचे घड हिरवे असतानाच उतरवतो. खाली पडलेले हिरवे घड पाहून शेजारचे काका दरवर्षी हळहळतात, आणि आम्हालाही अजून त्याची सवय झालेली नाही.

तुमच्याकडे कोणत्या जाती आहेत?

लाल वाइनसाठी शिराझ आणि थोडी कॅबरने सोव्हिन्याँ. पांढऱ्या वाइनसाठी शेनिन ब्लाँ. सगळ्या वेली डॉगरिज खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या वेलीवर, कलम केलेल्या आहेत, कारण हा खुंट पाण्याचा ताण आणि थोडीफार क्षारता सोसतो. शिरोळकडच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आमचे मत विचाराल तर या मातीत शेनिन आणि शिराझ रमल्या. कॅबरनेचे नाव मोठे असल्यामुळे पाहुणे आधी तीच मागतात, पण ती उशिरा पिकते, तोवर मार्चचे ऊन सुरू होते आणि साखर पूर्ण भरली तरी बी कच्चीच राहते. पुढच्या दोन वर्षांत आम्ही कॅबरनेच्या ओळी कमी करणार आहोत.

वर्षातून दोनदा छाटणी आणि पीक मात्र एकदाच, असे का?

थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपते, पाने गाळते आणि वसंतात आपोआप जागी होते. आपल्याकडे तिला झोप लागेल एवढी थंडी पडत नाही. ती वर्षभर हिरवी राहते, म्हणून तिचे वर्ष आपल्यालाच कात्रीने ठरवून द्यावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून जुन्या काड्या काढल्या जातात आणि ओलांड्यावर, म्हणजे खोडाच्या कायमच्या आडव्या फांदीवर, नव्या काड्या येतात. पुढच्या हंगामातील घड कोणत्या डोळ्यात धरणार हे त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांतील उन्हावर ठरते. त्या काळात ढगाळ हवामान फार राहिले तर नुकसान पुढच्या फेब्रुवारीत कळते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि तेथून जातीप्रमाणे चार-पाच महिन्यांत माल तोडायला येतो.

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे काम सुरू असताना आम्ही बाग पाहुण्यांसाठी बंद ठेवतो. हे रसायन अंगाला लागले किंवा श्वासातून गेले तर शरीराची मद्य पचवण्याची क्रिया अडते, आणि अशा माणसाने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, श्वास अडकणे असे गंभीर परिणाम होतात. त्यामुळे पेस्ट लावणारा प्रत्येक जण हातमोजे आणि मुखपट्टी वापरतो आणि त्या काळात, तसेच त्यानंतरचे काही दिवस, मद्याचा थेंबही घेत नाही. त्या दिवसांत चव पाहण्याची पाळी आमच्यातील बागेत न गेलेल्या माणसाकडे असते. द्राक्षबागायतदारांनी स्वतःची बाग असली तरी हा नियम पाळावा, असे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

बागेत कोणती फवारणी करता?

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस लांबला की डाऊनी, कोरड्या थंडीत भुरी, आणि पावसाळ्यात करपा, हे तीन बुरशीचे पाहुणे ठरलेले आहेत. पिठ्या ढेकूण आणि फुलकिडे अधूनमधून येतात. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी आणि तोडणीपूर्वीचा ठरवलेला काळ पाळून आम्ही फवारणी करतो. आमची बाग सेंद्रिय नाही आणि आम्ही ती तशी असल्याचे भासवत नाही. तोडणीपूर्वीच्या काळात औषध कमी लागावे म्हणून घडांसमोरची पाने हाताने काढतो, त्यामुळे वारा खेळता राहतो.

पावसाळ्यात मात्र बोर्डो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे एक टक्क्याचे मिश्रण तासगावपासून नाशिकपर्यंत प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ आहे. पण बोर्डो हे फ्रान्समधील वाइनच्या प्रसिद्ध प्रदेशाचे नाव आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. तिकडे रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे येणारे-जाणारे तोडून नेत म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. त्याच वेलींवर डाऊनी कमी येतो हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्याने हे मिश्रण प्रसिद्ध केले. आमच्याही रस्त्याकडेच्या दोन ओळींचा माल दरवर्षी थोडा कमीच भरतो; जानेवारीत मात्र बोर्डो मारता येत नाही.

तोडणी केव्हा आणि कशी होते?

शेनिनची तोडणी जानेवारीच्या अखेरीस आणि शिराझची फेब्रुवारीत. टोळी पहाटे चारला डोक्याला बॅटऱ्या लावून बागेत उतरते आणि नऊच्या आत काम थांबते, कारण उन्हात तापलेले द्राक्ष टाकीत येईपर्यंत स्वतःच आंबायला लागते. आमच्या टोळीत बहुतेक गावातल्याच बायका आहेत आणि कोणता घड घ्यायचा व कोणता सोडायचा हे त्यांना आता आमच्याइतकेच कळते.

दिवस ठरवताना रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, पाहतो. २२ ते २४ च्या दरम्यान आम्हाला हवे असते. पण आकड्यावर सगळे सोडत नाही. आई ओळीतून चालत चार ठिकाणचे मणी तोंडात टाकते, बिया तळहातावर काढते आणि दाताखाली फोडते. बी तपकिरी असून कडकन फुटली आणि शेंगदाण्याच्या सालीसारखी चव आली तर तोडणी. हिरवी असून कडवट लागली तर आणखी चार दिवस. गेल्या काही हंगामांत यंत्र आणि आई यांचे एकमत झाले नाही तेव्हा आम्ही आईचे ऐकले आहे.

वाइन कशी तयार होते?

पांढऱ्या वाइनसाठी घड हलके दाबून रस लगेच वेगळा काढतात, तो रात्रभर थंड ठेवून निवळू देतात आणि मग यीस्ट घालतात. १४ ते १६ अंश तापमानाला हा रस साधारण दोन आठवडे सावकाश आंबतो. तापमान वाढू दिले तर काम चार दिवसांत आटोपते, पण फुलाफळांचा नाजूक वास उडून जातो. लाल वाइनमध्ये साली आणि बिया रसातच राहतात, कारण रंग सालीतून उतरतो. शिराझचा रस पिळला तर तो जवळपास पांढराच असतो. तापमान २४ ते २८ अंश ठेवतात. आंबताना निघणारा वायू साली वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी त्यांची जाड टोपी जमते. ती टोपी कोरडी पडू नये म्हणून दिवसातून तीन-चार वेळा खालचा रस वर फिरवावा लागतो किंवा दांड्याने टोपी खाली दाबावी लागते. आठ-दहा दिवसांनी साली पिळून वेगळ्या करतात. त्यानंतर लाल वाइनमधील तीव्र आम्ल सौम्य करणारे दुसरे, जिवाणूंचे किण्वन होते, गाळ बसतो, वाइन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत उतरवली जाते. शिराझचा काही भाग ओक लाकडाच्या पिंपांत वर्षभर राहतो, बाकी सगळे स्टीलच्या टाक्यांत.

या कामाची आम्हाला सर्वात जवळची उपमा गुऱ्हाळाचीच वाटते. काहिलीत रस उकळत असताना गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळतो आणि तेवढ्यावरून आदण उतरवायचे की नाही ते सांगतो. दोन मिनिटे उशीर झाला तर गूळ करपतो आणि घाई केली तर चिकट राहतो. टाकीतले काम मिनिटांचे नसून दिवसांचे असते एवढाच फरक. आजोबांना वाइन कधीच रुचली नाही, पण टाकीला कान लावून आतली खदखद ऐकली की "अजून दम आहे तिच्यात" किंवा "बसली आता" हे ते सांगत, आणि घनतामापकाचा आकडा बहुधा त्यांच्या बाजूने असे.

एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी आणि खोलीच्या जमिनीलगत साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडची पद्धत याच कारणाने होती. म्हणून हंगामात टाक्यांच्या खोलीत पाहुण्यांना आम्ही एकटे सोडत नाही. कृपया त्याचा राग मानू नये.

साखर, रंग किंवा अर्क मिसळता का?

नाही. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहूनही आम्हाला साखर लागत नाही, कारण उन्हामुळे द्राक्षातच ती भरपूर असते. कमी पडते ते आम्ल; काही वर्षी आम्ही टार्टारिक आम्ल घालतो, जे द्राक्षात मुळातच असते. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. ब्रिक्स २३ असेल तर वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साडेबारा ते तेरा टक्के येते.

वाइनमध्ये सल्फाइट असते म्हणे. ते का घालता?

वाइन काळवंडू नये आणि नको ते जिवाणू वाढू नयेत म्हणून. एका हंगामात आम्ही ते फारच कमी ठेवून पाहिले होते. एप्रिलमधल्या एका आठवड्यात रात्रीची वीज लागोपाठ गेली, जनरेटर बंद पडला आणि शेनिनच्या एका टाकीला कापलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागला. ती टाकी आम्ही बाटल्यांत भरली नाही. दमा असलेल्या काही व्यक्तींना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी लेबल पाहूनच निर्णय घ्यावा.

तुमची वाइन शाकाहारी आहे का? जैन मंडळींना चालते का?

वाइन निवळण्यासाठी जगात अनेक ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, माशांपासून केलेला पदार्थ किंवा जिलेटिन वापरतात. आम्ही बेंटोनाइट नावाची माती वापरतो. ती तळाशी बसते आणि वाइनबरोबर बाटलीत जात नाही. त्यामुळे प्राणिजन्य असे काहीही आमच्या वाइनमध्ये नसते. जैन आचारात मात्र मद्यच वर्ज्य आहे, त्यामुळे आमच्या बाटलीवर 'जैन' असा शब्द आम्ही कधीही छापणार नाही. आमचे कितीतरी शेजारी आणि मित्र जैन शेतकरी आहेत. ते बागेत येतात, छाटणीवर आमच्याशी वाद घालतात आणि उसाचा रस पिऊन जातात.

वाइन म्हणजे दारूच ना? की ती आरोग्याला चांगली असते?

वाइन हे मद्य आहे. राज्य शासनाने जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा 'वाइन दारू नव्हे' असे बरेच बोलले गेले. वाइन खपली तर आमचा फायदाच आहे, तरीही आम्हाला ते वाक्य पटले नाही. वाइन हे शेतमालापासून बनलेले पेय आहे हे खरे, आणि तिच्यात साडेबारा टक्के मद्यार्क असतो हेही तितकेच खरे.

आरोग्यासाठी म्हणून कोणी वाइन विकत घेत असेल तर आम्ही त्यांना घेऊ नका असे सांगतो. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि मद्य हे कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. गर्भवती स्त्रियांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात व्यसनाने नुकसान झाले आहे त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. जे घेत नाहीत त्यांना आम्ही कधीही आग्रह करत नाही.

घरी वाइन करण्याची पद्धत शिकवाल का?

नाही. आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरातल्या बरणीत दोन लिटर का असेना. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कृती पाहून बंद बरणी फुटल्याच्या हकिगती आम्ही ऐकल्या आहेत.

वाइन विकत कोठे मिळेल?

वायनरीतील विक्रीकक्षात आणि परवानाधारक दुकानांत. २१ वर्षे पूर्ण न झालेल्या कोणालाही आम्ही वाइन देत नाही, ओळखीतल्यांची मुले आली तरी नाही. ओळखपत्र सोबत ठेवावे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांसारखे दिवस आणि निवडणुकीचा काळ यांत विक्री बंद असते. बाटल्या कुरिअरने पाठवत नाही. बेळगाव, निपाणीकडून येणाऱ्यांनी कर्नाटकात बाटल्या नेण्यासंबंधी तेथील नियम आधी पाहावेत.

बाग पाहायला कधी यावे? मुलांना आणता येईल का?

डिसेंबर ते फेब्रुवारी. तोडणी पाहायची असेल तर पहाटे पाचला यावे लागेल, आणि चहा आमच्याकडे. मुलांना जरूर आणा. त्यांच्यासाठी मातीतली वाट, ससे आणि द्राक्षाचा ताजा रस आहे, परंतु चव घेण्याच्या खोलीत त्यांना प्रवेश नाही. एप्रिल–मे महिन्यांत बाग म्हणजे नुसती खोडे आणि तारा, तेव्हा येऊन निराश झालेले लोक आम्ही पाहिले आहेत.

चव घेणार असाल तर गाडी चालवणारा माणूस वेगळा ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क एवढीच आहे आणि ती कधी ओलांडली हे आपले आपल्याला कळत नाही. हातकणंगले आणि जयसिंगपूर या दोन्ही ठिकाणी कोल्हापूर–मिरज मार्गावरील रेल्वे स्थानके आहेत, तेथून रिक्षा मिळते.

तांबड्या रश्श्याबरोबर कोणती वाइन घ्यावी?

कोणतीही नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे, आणि ते ऐकून आमच्या वितरकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मिरचीची आग मद्याने आणि लाल वाइनच्या तुरटपणाने वाढते. दुसऱ्या घोटानंतर ना रश्श्याची चव कळते ना वाइनची. तांबड्याबरोबर सोलकढी किंवा ताक घ्यावे. पांढरा रस्सा मात्र वेगळा. नारळाचे दूध, खसखस, तीळ यांचा स्निग्धपणा आणि गार शेनिनचे आम्ल यांची गाठ चांगली पडते. शिराझ सुक्या मटणाबरोबर चालते, कांदा-लसूण चटणी हात राखून घातली असेल तर. मिसळीबरोबर वाइन मागणाऱ्यांना आम्ही दही देतो.

बाटली घरी कशी ठेवावी? जुनी वाइन चांगली असते ना?

शेनिन दोन वर्षांत आणि शिराझ चार-पाच वर्षांत संपवावी. सगळीच वाइन मुरत नाही. आमची बरीचशी ताजी पिण्यासाठी केलेली आहे. भेट मिळालेली बाटली लोखंडी कपाटात किंवा माळ्यावर जपून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि एप्रिल–मेच्या उन्हाळ्यात तिथे तिचे लोणचे होते. घरात सर्वांत गार आणि अंधारी जागा शोधा, नाहीतर सरळ फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

महापुराचा तुम्हाला त्रास होतो का?

बाग माळावर असल्याने पाणी आमच्यापर्यंत येत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर आल्या तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या निम्म्या घरांत पाणी होते. २०१९ मध्ये पुणे–बेंगळुरू महामार्गही कित्येक दिवस बंद राहिला. टाक्यांची खोली तेव्हा महिनाभर अंथरुणे, धान्याची पोती आणि शेळ्या यांनी भरली होती. त्या वर्षी दमट हवेमुळे करप्याने काड्या बऱ्याच गेल्या आणि पुढचे पीक कमी आले.

मी शेतकरी आहे. मीही वाइनची द्राक्षे लावू का?

आधी खरेदीदार, मग खड्डे. आमचे वडील उलट्या क्रमाने गेले. लागण, खांब, तारा, ठिबक हा खर्च पहिल्याच वर्षी होतो आणि नाव घेण्याजोगे पीक तिसऱ्या वर्षी येते. उसाच्या मानाने पाणी खूपच कमी लागते, पण ऊस लावून माणूस चार दिवस गावाला जाऊ शकतो. छाटणीनंतरच्या बागेत तसे चालत नाही. करार करताना भाव ब्रिक्सवर ठरणार की वजनावर, माल नाकारण्याची अट काय आहे आणि पैसे किती दिवसांत मिळणार, या तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. खाण्याच्या द्राक्षाला भाव नसेल तर त्याचा बेदाणा करता येतो. बियांच्या वाइन-द्राक्षाला तोही मार्ग नाही. येऊन बाग पाहा, आमचे हिशेबाचे वहीखाते दाखवायला आम्हाला संकोच नाही.

उरलेल्या चोथ्याचे काय करता?

शेणाबरोबर खड्ड्यात कुजवून बागेलाच परत घालतो. ताजा चोथा म्हशीपुढे टाकू नये. एकदा शेजारच्यांची म्हैस खड्ड्यापर्यंत पोहोचली होती आणि संध्याकाळपर्यंत ती उठेना, तेव्हापासून खड्ड्याला कुंपण आहे.

रिकाम्या बाटल्या परत घेता का?

हो, लेबल न काढताही चालतील. बूच मात्र ठेवून घ्या किंवा वेगळे द्या, आमच्या धाकट्या वहिनी त्यांचे रोपांच्या कुंड्यांसाठी तुकडे करतात.